लोकसंख्या बदलते तेव्हा आरोग्य आणि पर्यावरण यांचे नेमके काय होते?

नदीकाठ (धागालेखक)

जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. १९५० साली ती सुमारे २५० कोटी होती. एका माणसाच्या हयातीत जगातील माणसे तिपटीहून अधिक झाली, आणि ही भर बहुतांशी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत पडली. या विषयावर बोलणे निघाले की चर्चा दोन ठरलेल्या जागी जाऊन अडकते. एका बाजूचे म्हणणे असते की जंगले तुटली, नद्या आटल्या आणि रुग्णालये अपुरी पडली ती माणसे फार झाली म्हणून. दुसरी बाजू सांगते की प्रदूषण श्रीमंत देश करतात, त्यामुळे गरीब देशांच्या लोकसंख्येचा विषय काढणेच अन्यायाचे आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दोन्हींमुळे विचार लवकर थांबतो, असे मला वाटते.

माझ्या मते 'लोकसंख्या वाढली' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे बदल दडलेले असतात आणि त्यांचे परिणामही वेगवेगळे असतात.

पहिला बदल वेगाचा. युरोपातील मृत्युदर शंभरहून अधिक वर्षांत हळूहळू उतरला आणि त्याच्या मागोमाग जन्मदरही उतरला. विकसनशील देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर लसी, प्रतिजैविके आणि डासांविरुद्धच्या मोहिमा यांमुळे हेच काम वीस-तीस वर्षांत झाले. श्रीलंकेत १९४६ साली मृत्युदर हजारी सुमारे २० होता, तो १९४७ साली १४ वर आला. यात डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीचा वाटा होता, तसाच आरोग्यसेवेच्या विस्ताराचाही होता. मृत्यू झपाट्याने कमी झाले, जन्म मात्र पूर्वीच्याच संख्येने होत राहिले, आणि त्या दोहोंतील अंतर म्हणजे लोकसंख्यावाढ. एरवी मेली असती अशी मुले जगली म्हणून ही वाढ झाली, हे आपण सहसा विसरतो. मात्र वर्षाला ३ टक्के दराने वाढणारा देश साधारण २३ वर्षांत दुप्पट होतो. एवढ्या काळात त्याला शाळा, परिचारिका, पाण्याच्या सोयी आणि सांडपाण्याची व्यवस्था हे सारे दुप्पट करावे लागते, आणि तेही केवळ आहे ती स्थिती टिकवण्यासाठी.

दुसरा बदल वयाचा. स्त्रिया सरासरी दोनच मुलांवर थांबल्या तरी लोकसंख्या लगेच थांबत नाही, कारण आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली संख्येने जास्त असतात आणि त्यांचे माता होण्याचे वय अजून यायचे असते. भारताचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० नोंदवला गेला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीच्याही खाली. तरीही संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार देशाची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढत राहून १७० कोटींच्या आसपास जाईल. आज घेतलेल्या निर्णयाचे फळ दोन पिढ्यांनी दिसते, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या पचनी पडणे अवघड असते.

तिसरा बदल ठिकाणाचा, म्हणजे गावाकडून शहराकडे आणि डोंगरातून किनाऱ्याकडे होणारे स्थलांतर. जगातील निम्म्याहून अधिक माणसे शहरात राहू लागली ती २००७ च्या सुमारास.

हे तीन बदल सुटे करून पाहिले तर आरोग्याचा आणि पर्यावरणाचा प्रश्न अधिक नेमका मांडता येईल का, यावर आपली मते वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांनी या क्षेत्रांत काम केले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

आकडेमोड

मांडणी आवडली; पण वेग, वय आणि ठिकाण यांच्या विवेचनात मूळ आकड्याचे वजन हलके होऊ नये, एवढी विनंती करतो.

पश्चिम आफ्रिकेतील नायजरचे उदाहरण घ्या. १९६० साली तेथे सुमारे ३५ लाख लोक होते, आज अडीच कोटींहून अधिक आहेत. एका स्त्रीमागे सरासरी सहा मुले हा दर जगातील सर्वांत वरच्या दरांपैकी आहे. देशाचा बहुतेक भाग सहारा वाळवंटात मोडतो आणि पावसावर पिकणारी जमीन दक्षिणेकडच्या अरुंद पट्ट्यातच आहे. पूर्वी तेथील शेतकरी काही वर्षे पीक घेऊन जमीन पडीक ठेवत, म्हणजे तिचा कस भरून येई. वाटण्या होत गेल्या तशी पडीक ठेवण्याची वर्षे कमी झाली आणि अनेक ठिकाणी ती पद्धतच संपली. माणसांची संख्या हा या प्रक्रियेतला खराखुरा घटक आहे आणि तो नाकारल्याने त्या शेतकऱ्याचे काहीच भले होत नाही.

तापमानवाढीचा हिशेब मात्र या वहीत मिसळू नये. नायजरमधील माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे ०.१ टन आहे, अमेरिकेतील १४ टनांच्या आसपास. आफ्रिका खंडात जगातील जवळजवळ अठरा टक्के लोक राहतात आणि त्यांचा उत्सर्जनातील वाटा चार टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे 'हवामान वाचवण्यासाठी आफ्रिकेतील जन्मदर कमी करा' हा युक्तिवाद आकड्यांच्या कसोटीवर टिकत नाही. विहीर, माती, सरपण आणि मासे यांवरचा ताण हा त्या त्या गावाचा प्रश्न आहे आणि तेथे संख्या महत्त्वाची ठरते.

पॉल अर्लिक आणि जॉन होल्ड्रन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेले सूत्र अनेकांना ठाऊक असेल: पर्यावरणावरील परिणाम म्हणजे लोकसंख्या, माणशी उपभोग आणि तंत्रज्ञान यांचा गुणाकार. विचाराला सुरुवात म्हणून ते चांगले आहे. अडचण अशी की त्यातले तीन घटक एकमेकांपासून सुटे नाहीत. उत्पन्न वाढले की उपभोग वाढतो आणि सहसा जन्मदर उतरतो; शिक्षण वाढले की तंत्रज्ञान बदलते आणि लग्नाचे वयही बदलते. एक घटक हलवला की उरलेले दोन आपोआप हलतात, आणि गुणाकाराच्या सूत्रात हे दिसत नाही.

बांधबंदिस्ती

आकडेमोड यांनी नायजरचे उदाहरण दिले, म्हणून त्याच देशातील पुढची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

नायजरच्या दक्षिणेत मराडी आणि झिंडर हे दाट वस्तीचे भाग आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील शेतकऱ्यांनी शेतात जमिनीखाली जिवंत राहिलेल्या झाडांच्या बुंध्यांतून फुटणारे धुमारे तोडण्याऐवजी निवडून राखायला सुरुवात केली. टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने या पद्धतीचा तेथे प्रसार केला. यात रोपवाटिका नव्हती आणि खर्चही जवळजवळ नव्हता. पुढील वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली. झाडांमुळे वारा अडला, पेरणीवर वाळू येणे कमी झाले, गुरांना चारा मिळाला आणि बायकांची सरपणासाठीची पायपीट घटली. हे घडले ते माणसे दाट असलेल्या भागात, विरळ असलेल्या भागात नव्हे. कारण झाडाची निगा राखायला हात लागतात आणि जमीन कमी असली की तिची किंमत कळते. त्याआधी कायद्याने झाड सरकारचे मानले जाई, त्यामुळे ते राखण्यात शेतकऱ्याला रस नव्हता. झाडावरचा त्याचा हक्क व्यवहारात मान्य होऊ लागला तेव्हा चित्र पालटले.

केनियातील मचाकोस जिल्ह्याची कथा याहून जुनी आहे. १९३० च्या दशकात तेथे सुमारे २ लाख ४० हजार लोक होते आणि मातीची धूप इतकी झाली होती की वसाहतकाळच्या अधिकाऱ्यांनी हा भाग जवळजवळ हातचा गेला असे मानले होते. १९९० च्या सुमारास लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, म्हणजे पाचपटीहून अधिक झाली. धूप मात्र कमी झाली होती, उतारांवर बांध आणि मजगी (पायऱ्यांसारखी शेते) घातल्या गेल्या होत्या आणि माणशी शेती उत्पादन वाढले होते. एस्टर बोसेरुप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९६० च्या दशकात मांडलेला विचार, की जमिनीवरचा दाब वाढला की शेतीच्या पद्धती बदलतात, येथे खरा ठरताना दिसतो.

यावरून 'माणसे वाढली की सारे आपोआप सुधारते' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मचाकोसला नैरोबीची बाजारपेठ जवळ होती. तरुण शहरात नोकरी करून घरी पैसे पाठवत आणि त्या पैशांतून बांध घातले जात. जमिनीची मालकी बऱ्यापैकी निश्चित होती. हे सारे नसलेल्या ठिकाणी तोच दाब डोंगर उघडे पाडतो. बदलायला वेळ मिळाला का, आणि बदल करणाऱ्याला त्याचे फळ मिळेल अशी खात्री होती का, हे दोन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारावे लागतात. धागालेखकांच्या 'वेग' या मुद्द्याशी ते जुळतात.

शुश्रूषा

मी बाल-आरोग्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, त्यामुळे या विषयाकडे मी देशाच्या आकड्यापेक्षा एका घरातून पाहते.

दोन बाळंतपणांत अंतर कमी असले की आईच्या शरीरातील लोह आणि इतर साठे भरून येत नाहीत. पुढचे बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यता वाढते आणि आधीच्या बाळाचे अंगावरचे दूध लवकर तुटते. पाणी अस्वच्छ असलेल्या घरात दूध तुटणे म्हणजे अतिसाराला दार उघडून देणे आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की एका जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. पाळणा लांबवणे हा लोकसंख्येचा विषय म्हणून मांडला जातो. प्रत्यक्षात तो आधी आई आणि मूल यांच्या जगण्याचा विषय आहे.

बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागात हे फार काळजीपूर्वक तपासले गेले. तेथील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र १९६६ पासून जन्ममृत्यूंची नियमित नोंद ठेवत आले आहे. १९७७ साली त्या भागाच्या साधारण अर्ध्या गावांत प्रशिक्षित स्थानिक स्त्रिया दर पंधरवड्याला घरोघरी जाऊ लागल्या. गर्भनिरोधकांचे वेगवेगळे पर्याय, त्यांच्या दुष्परिणामांबद्दल सल्ला आणि पुढे लसीकरण व बाल-आरोग्याच्या सेवा त्या दारात पुरवत. उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. सेवा मिळालेल्या गावांत जननदर अधिक वेगाने उतरला, आणि वीस वर्षांनी तुलना केली तेव्हा तेथील स्त्रियांचे स्वतःचे आरोग्य आणि मुलांचे जगण्याचे प्रमाणही अधिक चांगले आढळले. ही गावे तेव्हा गरीब होती आणि बहुसंख्य स्त्रियांना घराबाहेर पडायची मुभा नव्हती. श्रीमंती येईपर्यंत कोणी थांबले नाही. साऱ्या देशाचा जननदर सत्तरच्या दशकात सहाच्या वर होता, तो आता २.३ च्या जवळपास आहे.

एक गोष्ट आणखी. मुले जगतील असा भरवसा आला की आईबाप कमी मुलांवर थांबतात. जगात १९९० साली पाच वर्षांखालील हजार मुलांमागे ९३ मृत्यू होत, ते २०२२ साली ३७ वर आले. 'मुले वाचवली तर लोकसंख्या आणखी वाढेल' अशी भीती पूर्वी अनेक शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी मला तिचे वाईट वाटले आहे. जननदर उतरून तसाच खाली राहिलेला देश शोधा. तेथे बहुधा बालमृत्यू आधी किंवा बरोबरीने उतरलेले दिसतील.

सरपणाचा उल्लेख वर आला, म्हणून चुलीच्या धुराबद्दलही लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३० हजारांहून अधिक मुले होती. जंगलावरचा ताण आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांची वाट एकाच चुलीतून जाते.

तळटीप

शुश्रूषाताईंनी बांगलादेशाच्या यशाबद्दल लिहिले ते योग्यच आहे. त्याच देशातील दुसरा अनुभव येथे नोंदवावासा वाटतो, कारण आरोग्य, पर्यावरण आणि लोकसंख्या यांची इतकी घट्ट गाठ मला अन्यत्र दिसलेली नाही.

तळी आणि नद्या यांचे पाणी पिऊन तेथे पटकी व अतिसाराने मुले मोठ्या संख्येने मरत. वस्ती दाट होत गेली तसे ते पाणी अधिक दूषित होत गेले. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून सरकारने युनिसेफसारख्या संस्थांच्या मदतीने उथळ कूपनलिका खोदल्या. हातपंपाचे पाणी जंतुमुक्त होते. लोकांना ते इतके पटले की पुढे बहुतेक कूपनलिका लोकांनी स्वखर्चाने खोदल्या आणि शतकाच्या अखेरीस जवळजवळ सारा देश भूजल पिऊ लागला.

१९९३ साली त्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य असल्याचे आढळले. ते कोणत्याही कारखान्याने सोडलेले नव्हते. हिमालयातून हजारो वर्षे वाहून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. गाळातील कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांमुळे प्राणवायू संपला की लोह विरघळते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षे पोटात गेल्यावर तळहातांवर व तळपायांवर कठीण गाठी येतात, त्वचेवर डाग पडतात, आणि पुढे त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. किमान साडेतीन कोटी लोक या धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज होता आणि तज्ज्ञांनी याला इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटले.

नंतर सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. सुरक्षित पंपाला हिरवा आणि दूषित पंपाला लाल रंग देण्यात आला. साधारण १४ लाख पंप लाल निघाले. मग खरा पेच समोर आला. लाल पंप सोडून तळ्याकडे परत गेलेल्या घरांत अतिसाराचा धोका पुन्हा उभा राहिला. खोल थरातील पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित असते, पण खोल कूपनलिका महाग पडते आणि ती नेमकी कोणाच्या दारात खोदायची हे गावातील सत्ताकारणावर ठरते. कोरड्या हंगामातील भातशेतीही त्याच उथळ भूजलावर उभी आहे आणि वाढत्या लोकसंख्येचे पोट त्या भातावर भरते, त्यामुळे आर्सेनिक शेतात आणि तांदळातही उतरते.

मी हे कूपनलिका खोदणाऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी असंख्य मुले वाचवली. पण पाण्यात जंतू आहेत का हे तपासले गेले आणि पाण्यात धातू आहेत का हे वीस वर्षे कोणी तपासले नाही. लोकसंख्येचा वेग मोठा असतो तेव्हा सेवा पुरवण्याची घाईही मोठी असते, आणि त्या घाईत तपासणी मागे पडते. या धाग्याच्या संदर्भात मला हा सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो.

पहिलाच प्रतिसाद

येथे प्रथमच लिहीत आहे. चर्चा वाचून मनात आलेला प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. वेग हाच जर मूळ प्रश्न असेल, तर शासनाने कडक कायदा करून तो लवकर कमी करणे योग्य ठरणार नाही का? चीनने ते केले आणि आज तो देश पुढे गेलेला दिसतो. लोकांच्या मर्जीवर सोडले तर नायजरसारख्या देशांना आणखी पन्नास वर्षे लागतील, आणि तोवर माती व पाणी थांबणार आहेत का?

आकडेमोड

प्रश्न अनेकांच्या मनात असतो, त्यामुळे तो विचारलात हे चांगले झाले. उत्तर थोडे विस्ताराने देतो.

चीनचा जननदर १९७० साली ५.८ च्या आसपास होता आणि १९७८ पर्यंत तो २.८ च्या खाली आला होता. एक-मूल धोरण देशभर लागू झाले ते १९८० साली. मोठी घसरण त्याआधीच झालेली होती. त्या आधीच्या मोहिमेतही दबाव होता, पण उशिरा लग्न, अंतर आणि मर्यादित मुले यांवर तिचा भर होता आणि ग्रामीण आरोग्यसेवा व शिक्षण यांची तिला जोड होती. एक-मूल धोरणाने पुढे जे दिले त्यात सक्तीचे गर्भपात, मुलींची घटलेली संख्या आणि झपाट्याने वृद्ध होणारा समाज यांचा समावेश आहे. २०१५ साली ते सोडून देण्याची घोषणा झाली; तरी जन्मदर वर आला नाही आणि २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली.

भारतात आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. उद्दिष्टे ठरवून कर्मचाऱ्यांच्या पगाराशी आणि बढतीशी ती जोडली गेली होती. त्याचा परिणाम असा झाला की कुटुंबनियोजन हा शब्दच लोकांना नकोसा झाला आणि पुरुष नसबंदी, जी तुलनेने सोपी व सुरक्षित शस्त्रक्रिया आहे, ती पुढे जवळजवळ नाहीशी झाली. कुटुंबनियोजनाचा भार तेव्हापासून स्त्रियांच्या शरीरावर पडला आहे. पेरूमध्ये १९९६ ते २००० या काळात अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर नसबंदी झाली. त्यांतील बऱ्याच जणी अँडीज पर्वतातील गरीब आदिवासी स्त्रिया होत्या आणि अनेकींची संमती खऱ्या अर्थाने घेतलेली नव्हती.

याच्या शेजारी इराण ठेवून पाहा. १९८० च्या दशकात तेथील जननदर सहाच्या वर होता. १९८९ साली सरकारने ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. गावोगावच्या आरोग्यघरांतील स्थानिक आरोग्यसेविका व सेवक मोफत साधने देत, आणि त्याच काळात मुलींचे शिक्षण झपाट्याने वाढले. पंधरा-सोळा वर्षांत दर दोनच्या आसपास आला. चीनच्या एक-मूल धोरणापेक्षाही मोठी घसरण, आणि मुलांच्या संख्येवर कायदेशीर बंदी न घालता. पुढे त्याच देशात धोरण उलटे फिरले आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी केंद्रांतून मोफत गर्भनिरोधके देणे बंद झाले. मुले कमी करण्यासाठी असो वा वाढवण्यासाठी, निर्णय स्त्रीच्या हातून काढून घेतला की तिच्या आरोग्याला त्याची झळ बसते.

विकसनशील देशांत २० कोटींहून अधिक स्त्रिया अशा आहेत की ज्यांना सध्या गर्भधारणा नको आहे आणि त्यांच्याजवळ आधुनिक साधन नाही. कायद्याची सक्ती करण्यापूर्वी या स्त्रियांच्या हाती ते साधन पोहोचवले, तर वेगाचा बराचसा भाग त्यांच्याच इच्छेने कमी होईल. १९९४ साली कैरो येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी हीच दिशा मान्य केली होती.

पहिलाच प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. चीनमधील घसरण धोरणाच्या आधीची होती हे मला ठाऊक नव्हते. माझे मत मी पुन्हा तपासून पाहीन.

दाटवस्ती

ठिकाणाच्या बदलाबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

इबोला विषाणूचा प्रादुर्भाव १९७६ साली यांबुकू या काँगोतील (तेव्हाच्या झाइरमधील) खेड्यात झाला, तेव्हा ३१८ रुग्ण आढळले आणि २८० दगावले. गाव दूर होते, रस्ते वाईट होते, साथ तेथेच विझली. २०१४ ते २०१६ या काळात तो विषाणू पश्चिम आफ्रिकेतील कोनाक्री, फ्रीटाउन आणि मनरोव्हिया या राजधान्यांत पोहोचला. २८ हजारांहून अधिक माणसे आजारी पडली आणि ११ हजारांहून अधिक मेली. विषाणूची जात तीच होती. मधल्या काळात माणसे शहरांत एकवटली होती, सीमेपलीकडे रोजची ये-जा वाढली होती, आणि आरोग्यव्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिलेली नव्हती.

डेंग्यूचे असेच आहे. तो पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. वस्ती जलवाहिनीच्या पुढे धावते, नळाला दिवसाआड पाणी येते, म्हणून प्रत्येक घर पिंप भरून ठेवते, आणि प्रत्येक पिंप डासांची पैदास करते. येथे दोष दाटीला देणे मला पटत नाही. दाट वस्तीला माणशी नळ, माणशी गटार आणि माणशी दवाखाना विरळ वस्तीपेक्षा स्वस्तात देता येतो. दाटी असून गटार नसणे हे घातक आहे. उघड्यावरील शौच विरळ वस्तीत जितके अपाय करते त्याहून कितीतरी अधिक दाट वस्तीत करते, आणि मुलांची उंची खुंटण्याशी त्याचा संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे.

नदीकाठ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. 'घाईत तपासणी मागे पडते' हे तळटीप यांचे वाक्य मी माझ्या मूळ मांडणीला जोडून घेत आहे. वेगाची ही बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती.

आरोग्य आणि पर्यावरण यांचे काम एकत्र केल्याचे एक उदाहरण मला ठाऊक आहे. युगांडातील ब्विंडी राष्ट्रीय उद्यान हे पर्वतीय गोरिलांचे घर आहे आणि त्याच्या भोवतीची शेतवस्ती आफ्रिकेतील सर्वांत दाट ग्रामीण वस्त्यांपैकी आहे. १९९६ साली तेथील गोरिलांना खरूज झाली आणि एक पिल्लू मेले. बुजगावण्यांवर घातलेल्या माणसांच्या कपड्यांतून ती आली असावी, असे आढळले. पशुवैद्यक डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी त्यावरून ओळखले की गावातील माणसे निरोगी राहिल्याशिवाय गोरिला निरोगी राहणार नाहीत, आणि २००३ साली त्यांनी दोहोंसाठी मिळून काम करणारी संस्था स्थापन केली. तेथील गावांतले स्वयंसेवक घरोघरी जाऊन गर्भनिरोधकांबद्दल, हात धुण्याबद्दल आणि क्षयाच्या लक्षणांबद्दल बोलतात, आणि गोरिला शेतात उतरले तर त्याचीही खबर तेच देतात.

वयाच्या बदलावर मात्र चर्चा कमी झाली. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षे लागली. चीनला जेमतेम वीस-पंचवीस. मधुमेह, रक्तदाब आणि उन्हाच्या लाटा हे तिन्ही वृद्ध शरीराला अधिक जाचतात, आणि बाळंतपण व लसीकरण यांसाठी उभारलेली आरोग्यकेंद्रे त्यासाठी तयार नाहीत. याबद्दल कोणी लिहील का?

शुश्रूषा

वृद्धांबद्दल स्वतंत्र धागा काढावा असे सुचवते, कारण तो विषय येथे दोन परिच्छेदांत मावणार नाही. तोवर ब्विंडीच्या जोडीला मादागास्करचे उदाहरण नोंदवते.

त्या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका परिसरात मासेमारीवर जगणारी गावे आहेत. ब्लू व्हेंचर्स ही संस्था तेथे सागरी संवर्धनाचे काम करत होती. २००४ साली गावकऱ्यांनी ऑक्टोपस पकडण्याच्या क्षेत्राचा एक भाग काही महिने बंद ठेवून पाहिला. उघडल्यावर मोठे आणि अधिक ऑक्टोपस मिळाले, तेव्हा शेजारच्या गावांनीही तसे केले. कुटुंबनियोजनाची सेवा मात्र जवळपास कोठेच नव्हती, आणि ज्या स्त्रियांना ती हवी होती त्यांना मैलोगणती चालत जावे लागे. २००७ साली संस्थेने ती सेवा गावात सुरू केली. सुरुवातीला समुद्राचे काम करणाऱ्यांनी दवाखाना का चालवावा, असा प्रश्न विचारला गेला. पण तेथे ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन ऑक्टोपस पकडणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच आहेत, त्यामुळे पकड कधी बंद ठेवायची या बैठकीलाही त्याच येतात आणि गोळ्या घ्यायलाही त्याच.